ओल्या कचऱ्यासाठी मातीचा तीन मडक्यांचा कंपोस्ट सेट : ५ पैकी ४ स्टार

मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीत दीड-दोन फूट जागा असेल तर हा सेट जरूर घ्या. एकावर एक बसणारी, बाजूने भोकं असलेली मडकी, वीज नाही मोटर नाही. वरच्यात रोजचा ओला कचरा टाकायचा, त्यावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चुरलेली सुकी पानं, भरलं की ते खाली सरकवायचं आणि रिकामं वर घ्यायचं. दोन-तीन महिन्यांत खत होतं.

सगळे विचारतात वास येतो का, तर आमटी-भाजीचं पाणी तसंच ओतलंत तर येणारच. आत फार ओलं झालं की हवा खेळत नाही, आणि हवेशिवाय कुजलं की वास सुटतो आणि मिथेन हा गॅसही तयार होतो. डम्पिंग ग्राउंडवर तेच होतं, थरावर थर पडत जातात, खालचं दबून हवेविना कुजत राहतं आणि त्यातून निघणाऱ्या गॅसमधला जवळपास निम्मा मिथेन असतो, जो १०० वर्षांच्या हिशोबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट पृथ्वीला तापवतो आणि २० वर्षांच्या हिशोबात तर ८० पट! मुंबईतल्या देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा पडतोय, जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर किती दिवस हटत नव्हता आठवतंय ना? शेजारच्या गोवंडीतल्या लहान पोरांच्या छातीत गेला तो. आपल्याकडच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो, म्हणजे या गॅसचा कच्चा माल आपल्याच स्वयंपाकघरातून जातो, म्हणून मला हे मडकं नुसतं बागेचं सामान वाटत नाही.

एक स्टार कापला तो झाकणासाठी, नीट बसत नाही, पावसाळ्यात माश्या शिरतात आणि अळ्या होतात. त्या काही करत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात, पण घरातल्यांना किळस येते, जुन्या सुती कापडाचा तुकडा बांधला की झालं. सोबतची कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पुडी संपली की नवीन महाग पडते, त्याऐवजी आंबट ताक शिंपडा, मस्त चालतं. लिंबा-संत्र्याच्या साली थोड्याच घाला, नारळाची शेंडी अजिबात नको.

आणि भरलेलं मडकं भयंकर जड होतं, त्यामुळे घरात आजी-आजोबाच असतील तर छोटा साइझच मागवा.