डेबियन: टेस्टिंग टाकावं की स्टेबलवरच राहावं?

डेबियन ही लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. स्टेबल ही तिची पक्की, जाहीर झालेली आवृत्ती, तर टेस्टिंग म्हणजे तयार होत असलेली पुढची. सांगलीत डेबियन वापरणारे फार नाहीत, पण जे आहेत ते यातलं कोणतं घ्यावं हा प्रश्न हमखास विचारतात. मी दोन्ही वापरलंय, घरीही आणि मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीच्या दुकानातही.

टेस्टिंग नावावरून वाटतं तितकं कच्चं नाही. पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग, आधी अनस्टेबल या सगळ्यात कच्च्या शाखेत येतं, तिथे साधारण दोन ते दहा दिवस काढतं आणि गंभीर बग निघाला नाही तरच पुढे सरकतं. घरच्या लॅपटॉपवर मला त्याचा फारसा त्रास झालेला नाही. त्यापुढे स्टेबल शिळं वाटतं, हे मान्य. बुकवर्म नावाचं स्टेबल जून 2023 मध्ये आलं, त्यापुढचं ट्रिक्सी थेट ऑगस्ट 2025 मध्ये. हार्डवेअर अगदी नवं असेल तर हे खटकतं. पण बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातून) नवं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा हार्डवेअर सांभाळणारा गाभा, घेतलं की बहुतेकांचं भागतं.

माझा कौल ठरला तो एका कटकटीमुळे. टेस्टिंग अपग्रेड करताना अधूनमधून काढून टाकायच्या पॅकेजेसची यादी पुढे येते. 32-बिट मशीनवर 2038 नंतरच्या तारखा मोजता येत नाहीत, त्या अडचणीसाठी 2024 मध्ये शेकडो लायब्ररींच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या भागांच्या) पॅकेजेसची नावं बदलली, तेव्हा तर फारच. हळदीचे सौदे उरकलेत, शेतकरी पट्टीसाठी काउंटरपाशी उभे आहेत, आणि त्या यादीत हिशोबाच्या शीट ज्यात उघडतात त्या लिबरऑफिसचं नाव दिसतंय! नकार देऊन चार दिवस थांबलं की बहुधा सुरळीत होतं. पण यादी दर वेळी नीट वाचावीच लागते. दुकानातल्या दिवाणजींनी ती वाचावी, ही अपेक्षा मला तरी रास्त वाटत नाही. आणि एकदा पुढे गेलं की मागे यायची अधिकृत सोय डेबियनमध्ये नाही.

सुरक्षेच्या दुरुस्त्याही टेस्टिंगला बहुधा अनस्टेबलमार्गे, म्हणजे उशिरा मिळतात. मार्च 2024 च्या अखेरीस एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममधला बॅकडोर (मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा) उघडकीला आला, तेव्हा तो टेस्टिंगपर्यंत पोचला होता, स्टेबल सुटलं.

म्हणून ज्या मशीनवर चार लोकांचा हिशोब आहे, तिथे मी स्टेबलच टाकेन. बग नोंदवायची हौस आणि सवड असेल त्याने मात्र टेस्टिंग जरूर घ्यावं. त्यांच्या मेहनतीवरच आमचं स्टेबल उभं आहे. शक्यतो फ्रीज लागल्यावर, म्हणजे नवी आवृत्ती जाहीर होण्याआधी मोठे बदल थांबवले की घ्या, आणि पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलीत ‘टेस्टिंग’ न लिहिता येणाऱ्या आवृत्तीचं नाव लिहा. ती जाहीर झाली की तुमचं मशीन आपसूक स्टेबलवर येतं.