लाँग वॉकर बूट : अकरा महिने आणि दोन फेऱ्यांनंतरचा अनुभव

डाव्या पायाच्या नॅव्हिक्युलर या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडणारी बारीक चीर, झाल्यामुळे गेल्या ऑगस्टच्या अखेरीस मी हवेच्या पिशव्या असलेला, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा वॉकर बूट ४,८०० रुपयांना विकत घेतला. तेव्हापासून तो दोनदा, प्रत्येक वेळी सहा आठवडे, माझ्या पायात होता. पहिल्या सहा आठवड्यांत हाड जराही जुळले नाही. दुसऱ्या सहा आठवड्यांत याच बुटाच्या आधाराने मी पुन्हा चालू लागले. त्यामुळे या वस्तूला गुण देताना मला दोन वेगवेगळे आकडे द्यावे लागतील. बूट म्हणून पाचपैकी चार. माझ्या हाडावरचा पहिला उपचार म्हणून शून्य, आणि तो दोष बुटाचा नाही.

मी पुण्यात राहते, वय ४१, बँकेत नोकरी, आठ वर्षे नियमित धावते. सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटाची चढण डोळ्यांसमोर ठेवून मे महिन्यापासून आठवड्याला ६०-६५ किलोमीटर धावत होते आणि त्यांतील दोन दिवस सिंहगडाच्या रस्त्यावर चढणीचे होते. जूनमध्ये पावलाच्या वरच्या बाजूला, बुटाची नाडी बांधतो त्याच्या किंचित मागे, एक मुकी ठणक सुरू झाली. धावून आल्यावर ती दुखे आणि सकाळपर्यंत नाहीशी होई. सूज नाही, काळे-निळे नाही. जुलैत एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. नाडी घट्ट बांधल्याने शीर दुखावली असेल असे सांगण्यात आले, आणि मलाही तेच ऐकायचे होते. तीन आठवडे विश्रांती घेतली, पुन्हा धावायला गेले आणि दहाव्या मिनिटाला ठणक जशीच्या तशी परत आली. एका पायावर उडी मारून पाहिली तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आले. एमआरआयमध्ये दुखण्याचे नाव कळले. या हाडाची चीर एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही, ही गोष्ट मला जुलैत कोणी सांगितली असती तर निदान एक महिना वाचला असता.

बुटाविषयी सांगण्याआधी हाडाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण या बुटाचा उपयोग किंवा निरुपयोग त्याच्यावरच ठरतो. नॅव्हिक्युलर हे होडीच्या आकाराचे छोटे हाड घोट्याच्या पुढे, पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या माथ्यावर बसलेले असते. मागून त्याला टॅलस हे घोट्याचे हाड टेकते आणि पुढून क्युनिफॉर्म नावाची तीन हाडे. टाच उचलून आपण पुढे झेप घेतो तेव्हा त्याचा मधला भाग दोन्हीकडून दाबला जातो, आणि रक्तवाहिन्या मुख्यतः कडांकडून आत शिरत असल्याने नेमक्या त्याच मधल्या भागाला रक्त कमी मिळते. नडगीच्या आतल्या कडेचे स्ट्रेस फ्रॅक्चर बहुधा धावणे थांबवले की काही आठवड्यांत भरून येते. हे हाड तेवढे भोळे नाही. शर्यतीत एकाच दिशेने गोल पळणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या मागच्या उजव्या पायात याच हाडाला समांतर असलेले हाड मोडते, असे मी त्या काळात वाचले आणि का कोण जाणे, बरे वाटले.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितले की बूट घालून चाला, धावू नका, सहा आठवड्यांनी भेटा. मी सूचना अक्षरशः पाळली. बूट खरोखर चांगला बनवलेला आहे. दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या कडक पट्ट्या, आत फोमचे अस्तर, पाच वेल्क्रो पट्टे, आणि घोट्याच्या दोन्ही अंगांना हवेच्या पिशव्या, ज्या हातपंपाने फुगवता येतात. तळ झुलत्या खुर्चीच्या पायासारखा वळलेला असल्यामुळे पाऊल न वाकवता पुढे घरंगळते. तिसऱ्या दिवसापासून मला दुखेनासे झाले. मी बँकेत गेले, भाजी आणली, गणपतीत पाहुण्यांसाठी मोदकही उभ्यानेच वळले. दुखत नाही म्हणजे भरून येत आहे, असा हिशेब मी मनाशी केला होता.

ऑक्टोबरच्या मध्याला सीटी स्कॅनमध्ये हाडाच्या वरच्या पृष्ठभागातून खाली उतरणारी चीर स्पष्ट दिसली, आणि ती भरत असल्याची कोणतीही खूण नव्हती. बुटाने पाऊल वाकणे थांबवले होते, पण माझे ५४ किलो वजन प्रत्येक पावलागणिक त्या हाडावरूनच जात होते. दुसरे मत घेतले तेव्हा नव्या डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातील ८२ खेळाडूंचा अभ्यास समजावून सांगितला. सुरुवातीलाच किमान सहा आठवडे प्लास्टर घालून पायावर मुळीच भार न टाकणाऱ्या २२ जणांपैकी १९ जण खेळात परतले होते. भार टाकत राहून केवळ हालचाल कमी करणाऱ्या ३४ जणांपैकी ९. हे आकडे ऐकल्यावर आपण सहा आठवडे दुसऱ्या गटात होतो हे लक्षात यायला वेळ लागला नाही. स्क्रू घालण्याच्या शस्त्रक्रियेचाही विषय निघाला, परंतु चीर आरपार गेलेली नव्हती आणि तुकडे सरकलेले नव्हते, म्हणून आधी प्लास्टर असे ठरले. बास्केटबॉलपटू जोएल एम्बीडची याच हाडावर २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे शस्त्रक्रिया झाली आणि एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेतला पहिला सामना त्याला ऑक्टोबर २०१६ मध्ये खेळता आला, ही माहिती माझ्या नवऱ्याने त्याच रात्री मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. त्यानंतर त्याला काही वाचायला मी मनाई केली.

फायबरचे प्लास्टर आठ आठवडे होते आणि त्या काळात बूट कपाटावर पडून होता. कोपरापर्यंत येणाऱ्या कुबड्या मी विकत न घेता जवळच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून आणल्या. ज्यांना दोन-तीन महिन्यांपुरतीच गरज आहे त्यांनी हेच करावे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी, हे सूत्र दोन दिवसांत अंगवळणी पडते. पण चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कसा न्यायचा याला सूत्र नाही. मी झाकणाची बाटली गळ्यातल्या पिशवीत घालून नेत असे. गुडघा टेकवून ढकलायची चाकांची गाडीही मिळते, परंतु आमच्या पेठेतील पदपथ पाहता तिचा विचार लगेच सोडून दिला. दिवाळीत अभ्यंगस्नान प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, पायाला कचऱ्याची मोठी पिशवी बांधून झाले. पोटरीत अचानक दुखले किंवा सूज आली तर रक्ताची गुठळी असू शकते, ताबडतोब या, अशी तंबी मिळाली होती आणि ती मी दररोज रात्री आठवत असे.

याच काळात रक्ततपासणीत व्हिटॅमिन डी ११, म्हणजे फारच कमी, निघाले आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, हेही तळाला होते. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत होती, ती मी चाळिशीची चाहूल म्हणून सोडून दिली होती. आहारतज्ज्ञांनी एका आठवड्याचे खाणे लिहून काढायला सांगितले तेव्हा सारा प्रकार कागदावर दिसला. ६५ किलोमीटरच्या आठवड्यात सोमवारचा उपवास, पहाटे रिकाम्या पोटी लांब धाव, आणि नाश्त्याच्या जागी चहा-बिस्किट. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असे नाव दिले आहे. खर्चाच्या मानाने शरीरात ऊर्जा कमी पडली की ते पाळी आणि हाडांची डागडुजी यांत काटकसर करू लागते. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी सांगितले तेवढे आठवडे घेतली. उपवासाबाबत सासूबाईंनी स्वतःच निर्णय दिला की पाय बरा होईपर्यंत देवाचे आणि तुझे खाते मी सांभाळते.

डिसेंबरच्या मध्याला प्लास्टर निघाले. डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा ३ सेंटीमीटर कमी होता आणि पाऊल दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. डॉक्टरांनी पावलाच्या वर त्या हाडाच्या मध्यावर बोट जोरात दाबले. ऑक्टोबरमध्ये तिथे बोट टेकताच मी किंचाळले होते, आता काही झाले नाही. स्कॅनमधील सुधारणा मागाहून येते, दाबल्यावर दुखते की नाही हे आधी पाहायचे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा बूट पुन्हा बाहेर निघाला, आणि इथे त्याने आपली किंमत वसूल करून दिली. न्हाणीघरातला वजनकाटा जमिनीवर ठेवून, कुबड्यांवर रेलून, बुटातला पाय त्यावर टेकवायचा आणि पहिल्या आठवड्यात काटा चौदा किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. पुढे दर टप्प्याला तो आकडा वाढवायचा. बुटाचेच वजन सव्वा किलो भरते, हे मला दुसऱ्या दिवशी सुचले. चौथ्या आठवड्यात एक कुबडी सुटली, पाचव्यात दुसरी. प्लास्टरमधून थेट साध्या चपलेत येणे मला जमले नसते. पोटरीत ताकद नसताना पावलाला धरून ठेवणारे काहीतरी हवेच होते आणि ते काम या बुटाने नेमके केले.

आता घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी. दुकानदार आखूड बूट स्वस्त म्हणून पुढे करतात. मला डॉक्टरांनी लांबच घ्यायला सांगितला होता आणि दोन्ही घालून पाहिल्यावर घोटा किती जखडला जातो यातला फरक लगेच जाणवला. मापे लहान, मध्यम, मोठे एवढीच असल्यामुळे अरुंद पावलांच्या बायकांना लहान मापही पुढच्या बाजूला सैल होते. मी आत जाड सुती मोजे दुहेरी घातले. पिशव्या सकाळी जितक्या फुगवाव्या तितक्या संध्याकाळी सोसत नाहीत, बोटांना मुंग्या आल्या की हवा सोडावी. बुटाचा तळ साध्या चपलेपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर उंच आहे, आणि दुसऱ्या पायात पातळ चप्पल घालून दहा दिवस वावरल्यावर माझी कंबर धरली. उजव्या पायात जाड तळाचा जुना धावण्याचा बूट घातला आणि तक्रार संपली. खोक्यात मिळणाऱ्या कागदावर याबद्दल एक ओळही नाही, याचा मला अजून राग आहे.

ओल्या फरशीवर तळ घसरतो. सप्टेंबरच्या पावसात सोसायटीच्या जिन्यात मी दोनदा कठड्यामुळे वाचले. अस्तर हाताने धुता येते, पण दमट हवेत ते वाळायला दोन दिवस लागतात आणि तोवर काय घालायचे हा प्रश्न उरतो, म्हणून दुसरे अस्तर सुरुवातीलाच घेऊन ठेवावे. वेल्क्रोमध्ये केस, धागे, आणि आमच्या घरी रांगोळीसुद्धा अडकते. जुन्या दात घासायच्या ब्रशने आठवड्यातून एकदा साफ केले तर पकड टिकते. बाहेरचा बूट घरात चालणार नाही असे सासूबाईंचे आरंभी मत होते. चामडे कुठेच नाही याची स्वतः खात्री करून घेतल्यावर त्यांनी तळाला जुन्या धोतराचे फडके बांधून स्वयंपाकघरापर्यंत परवानगी दिली. देवघराचा उंबरठा शेवटपर्यंत बंद राहिला.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी मी बुटात बसून मैत्रिणींच्या वेळा मोबाइलवर पाहत होते. महिनाअखेर बूट सुटला आणि कडक तळाचे साधे बूट आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका पायावर टाच उचलण्याचे व्यायाम, सायकल आणि पाण्यातले धावणे केले. पाऊण तास भरभर चालून आणि एका पायावर उड्या मारूनही दुखत नाही, हे दिसल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक मिनीट धावणे आणि चार मिनिटे चालणे अशी सहा आवर्तने, तीही दिवसाआड, सुरू झाली. मे महिन्यात एकदा ठणक आल्यासारखी वाटली म्हणून दहा दिवस पुन्हा थांबले. तपासणीत काही निघाले नाही, पण ते दहा दिवस प्लास्टरच्या आठ आठवड्यांपेक्षा जड गेले. सध्या विद्यापीठाच्या आवारातील सपाट रस्त्यावर आठवड्यातून तीनदा सलग तीस मिनिटे धावते, पोटात काहीतरी घालूनच. चढणीला अजून परवानगी नाही.

कुबड्या फेब्रुवारीतच परत केल्या आणि अनामत मिळाली. बूट नवे अस्तर घालून त्याच केंद्राला द्यायचा होता, परंतु वरून दुसऱ्या पट्ट्याचे वेल्क्रो आता धरत नाही. कोपऱ्यावरच्या चांभाराने ते शिवून देतो असे सांगितले आहे, चाळीस रुपये.