केरीहून परतताना गरमागरम भाजी-पोय

पहाटे साडेपाचला आम्ही चौघे मित्र कॅमेरे घेऊन केरीला. गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख, म्हणून सूर्य समुद्रातून नाही, पाठीमागून उगवतो. पण तो कोवळा उजेड पलीकडच्या तेरेखोल किल्ल्यावर उतरला की ट्रायपॉड उचलवत नाही!

परतताना फेरीबोटीच्या वाटेवरच्या या छोट्या हॉटेलात शिरलो. वाटाण्याची पातळ भाजी, वर कच्चा कांदा आणि पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, इतकी गरम की तोडताच वाफ आली, कोंडा बोटांना लागला. मी दोनदा मागितली. चहा फार गोड, साखर कमी हवी तर आधीच सांगा. मालकीणबाईंनी ट्रायपॉडचे वाळूने माखलेले पाय पुसायला न मागता फडकं दिलं, ते मनाला भिडलं. आठच्या आत पोचा, नंतर पोय उरत नाही.