ग्राफिक्स स्विच करायची स्क्रिप्ट: नवीन व्हर्जनमध्ये ग्रबचा पाथ एकदाचा नीट केलाय

लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही आहेत आणि लिनक्स चालवता, तर तुमच्यासाठी हा रिव्ह्यू. छोटीशी पायथन स्क्रिप्ट आहे, तीन मोड मिळतात: फक्त इंटेल, हायब्रिड, फक्त एनव्हिडिया. कमांड मारा, रीबूट करा, बस. स्क्रिप्टचं नाव देत नाहीये कारण एकच माणूस फुकटात सांभाळतोय आणि जुन्या व्हर्जनवर मी चिडलेलो आहे.

मोड बदलताना स्क्रिप्टला ग्रबची, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स लोड करणाऱ्या प्रोग्रामची (बूटलोडरची), सेटिंग बदलावी लागते. जुन्या व्हर्जनमध्येही उबंटूवर त्रास नव्हता, तिथे अपडेट-ग्रब ही कमांड दिली की फाइल कुठे लिहायची ते आपोआप होतं. घोळ फेडोरावर. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) असलेलं मशीन दिसलं की स्क्रिप्ट ग्रबची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, थेट ईएफआय पार्टिशनच्या (डिस्कचा बूटसाठी राखलेला भाग) फेडोरा फोल्डरात लिहायची, आणि एकेकाळी ते बरोबरच होतं, पण २०२१ मध्ये फेडोरा ३४ आलं तेव्हापासून खरी फाइल /बूट/ग्रब२/ग्रब.सीएफजी, आणि ईएफआयमध्ये त्याच नावाची चार-पाच ओळींची फाइल असते जिचं काम एवढंच की खरी फाइल कुठे आहे ते सांगणं. स्क्रिप्ट नेमकी तीच पुसून तिथे पूर्ण कॉन्फिगची कॉपी लिहायची. वाईट म्हणजे कळतच नाही, मशीन बूट होतं, नवे कर्नलपण (लिनक्सचा गाभा) बूट मेन्यूत दिसतात कारण त्यांच्या एंट्री वेगळ्या फाइल्समध्ये असतात, मग कधीतरी मेन्यूचा टाइमआउट बदलायला जा आणि काहीच बदलत नाही, कारण बूट होताना जुनी कॉपी वाचली जातेय. माझा अख्खा रविवार यात गेला.

नव्या व्हर्जनमध्ये पाथचा अंदाज बांधणंच बंद केलंय. ग्रबी (कर्नलचे बूट पॅरामीटर बदलणारं टूल) असेल तर त्यालाच सांगते की सगळ्या कर्नलना एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१ हा एनव्हिडिया ड्रायव्हरचा पॅरामीटर लाव, ग्रब.सीएफजीला हात लावत नाही. फेडोरासाठी हाच योग्य रस्ता. ओपनसुसेवर ग्रब२ फोल्डर, आर्चवर ग्रब, दोन्ही आधी आहे का बघून मगच लिहिते. आणि ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट हा दुसरा बूटलोडर सापडला तर स्पष्ट मेसेज देऊन थांबते, हे मला सगळ्यात आवडलं, बूटलोडरशी खेळणाऱ्या प्रोग्रामने खात्री नसेल तर थांबायलाच हवं.

फक्त इंटेल मोडमध्ये पंखा शांत, बॅटरीपण जास्त टिकते. हायब्रिड ठीक.

एक स्टार कापतोय. बदल करण्याआधी बॅकअप अजूनही घेत नाही, आणि जुन्या व्हर्जनने बिघडवलेलं कसं निस्तरायचं ते रीडमीत कुठेच नाही. फेडोरावर ज्यांचं अडकलंय त्यांनी दोन्ही ग्रब.सीएफजी काढून टाका आणि रीबूट न करता लगेच डीएनएफने (फेडोराचा पॅकेज मॅनेजर) शिम, ग्रब२-ईएफआय आणि ग्रब२-कॉमन ही पॅकेजेस रीइन्स्टॉल करा, छोटी फाइल परत तयार होते. नेट चालू आहे ना ते आधी बघा. मोड बदलल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन (कर्नलला मिळालेले पॅरामीटर दाखवणारी फाइल) उघडून मोडसेट दिसतंय का तेही तपासा, नसेल तर पॅरामीटर कर्नलपर्यंत पोचलेलाच नाही.

४/५