उद्यमनगरातला मिस्त्री आणि माझा मोडका बोल्ट

2021च्या कोल्हापूरच्या पुरानंतर आम्ही पोरांनी वर्गणी काढून मालवणहून 25 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक बोट इंजिन आणलं. मागून पाण्याची धार येईना, म्हणजे इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारी रबरी चक्री) गेलेला. मुठीएवढं रबर, पण त्यासाठी खालचा अख्खा गिअरकेस उतरवावा लागतो. बोल्ट खाऱ्या पाण्यानं जाम. पान्याला पाइप लावून एक मीच मोडला. नडला शहाणपणा.

मग शिवाजी उद्यमनगरातलं एक बिनपाटीचं वर्कशॉप गाठलं. मिस्त्रींनी आधी बोटीच्या पंख्यावरचा ट्रिम टॅब (बोट सरळ चालावी म्हणून असलेली छोटी पट्टी) काढला, तर त्याच्या आड आणखी एक बोल्ट! मला पत्ताच नव्हता. टॅबची जागा खुणेनं मारून ठेवली, नाहीतर बोट एका अंगाला ओढते म्हणे.

"बोल्ट स्टीलचा, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम सडतं, ती पांढरी भुकटीच बोल्ट आवळून धरते, भावा." रात्रभर तेल मुरवलं. सकाळी गॅसची आच दिली, ती बॉडीला, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं. मोडक्या टोकावर नट वेल्ड केला आणि पाव-पाव आटा पुढं-मागं. घाई अजिबात नाही. 'कर्र' झालं तेव्हा मीच टाळी वाजवली. एका भोकाचे आटे गेले होते, तिथं हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली.

तक्रार एकच: दोन दिवस सांगून पाच लावले, फोन तर उचलतच नाहीत. तरी थर्मोस्टॅटच्या झाकणाचं काम घेऊन सोमवारी परत तिथंच निघालोय. त्याला हात लावायची माझी छाती नाही.