नोकरी सुटल्यावर पीएफचं पोर्टल: पैसे देतं, पण नाव जुळलं तरच

हिंजवडी-खराडीत नोकरकपात झाली की घरात पहिली चिंता पुढच्या हप्त्याची असते आणि पहिली नजर जाते ती पीएफवर. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेचं सदस्य पोर्टल या कामाला कसं आहे? नोंदी साफ असतील तर उत्तम. घरबसल्या अर्ज, फी काहीच नाही, पैसे थेट बँकेत. नोंदी बिघडलेल्या असतील तर मात्र दुरुस्तीतच महिना-दीड महिना जातो, आणि नेमका तोच काळ घराला परवडत नाही. म्हणून पैसे लागोत न लागोत, नोकरी संपल्याचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात लॉगिन करून बघा.

पहिला अडथळा मोबाइलचा. अर्जाच्या शेवटी ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरावर. यूएएनला, म्हणजे पीएफच्या तुमच्या कायमच्या क्रमांकाला, कंपनीचं सिम किंवा कंपनीचा ईमेल दिलेला असेल तर सिम परत करण्याआधी तो बदलून घ्या. आधारचाच नंबर बंद पडलेला असेल तर आधी तो आधारमध्ये बदलून घ्या.

दुसरा अडथळा नावाचा, आणि मराठी घरांत तो हमखास येतो. आधारवर स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तिन्ही नावं असतात. बँकेत मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर असतं. लग्न झालेल्या बाईच्या पॅनवर अजून माहेरचं आडनाव असतं. माणसाला ती एकच व्यक्ती दिसते, यंत्रणेला दोन. यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतर निघालेला आणि आधारशी जोडलेला असेल तर बहुतेक दुरुस्त्या 2025 पासून स्वतः करता येतात. त्याआधीच्या यूएएनला कंपनीची मंजुरी लागते. एचआरमधली ओळखीची माणसं तिथे आहेत तोवरच ती मिळवून ठेवा.

मग ‘व्ह्यू’मधली ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडा. प्रत्येक जुन्या कंपनीसमोर नोकरी सोडल्याची तारीख हवी. ती जागा रिकामी असेल तर फॉर्म 19, म्हणजे पूर्ण रक्कम काढण्याचा अर्ज, पुढे जात नाही. कंपनीने तारीख भरली नाही तर ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ आहे, पण शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटल्याशिवाय तो चालत नाही. जुन्या कंपन्यांची खाती नव्यात वळवलेली नसतील तर आधी फॉर्म 13 भरा. हे काम फक्त शिल्लक एकत्र करण्यापुरतं नाही. सलग सेवा पाच वर्षांपेक्षा कमी भरली आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर 10 टक्के टीडीएस कापतात. पॅन जोडलेला नसेल तर त्याहून बराच जास्त. खाती वळवली की आधीच्या कंपनीतली वर्षं या पाचांत धरली जातात. वर्षाचं उत्पन्न करपात्र होणार नसेल तर ज्याला सगळे 15जी म्हणतात ते स्वघोषणापत्र अर्जासोबत जोडा.

किती काढता येतात? जुन्या पद्धतीत एका महिन्याच्या बेकारीनंतर 75 टक्के आणि दोन महिन्यांनी सगळी रक्कम मिळत असे. 13 ऑक्टोबर 2025च्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरलं ते असं: 75 टक्के लगेच, उरलेले 25 टक्के 12 महिने बेकार राहिल्यावर. इंटरनेटवर दोन्ही आकडे फिरतात. घरखर्चाचं गणित 75 टक्क्यांवरच मांडा, म्हणजे दोन्हीकडे बसतं.

आणि मिळतात म्हणून सगळे काढू नका, ही कळकळीची विनंती. समजा कोथरूडमधलं चौघांचं घर आहे. गृहकर्जाचा हप्ता 28,000, शाळेची फी महिन्यावर वाटून 7,000, किराणा-दूध-गॅस-भाजी 16,000, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, इंटरनेट मिळून 6,500, पेट्रोल 3,000, आरोग्य विमा 2,500. बेरीज 63,000. जोडीदाराचे 30,000 येत असतील तर तूट 33,000 ची, सहा महिन्यांची 1,98,000. अर्ज दोन लाखांचा करा. खात्यात नऊ लाख आहेत म्हणून नऊचा नको. ‘ऑनलाइन सर्व्हिसेस’मध्ये क्लेम, बँक खात्याचा नंबर टाकून पडताळणी, मग फॉर्म 31, म्हणजे थोडी रक्कम काढण्याचा अर्ज. त्यात हवी ती रक्कम स्वतः लिहिता येते. उरलेल्या शिलकीवर व्याज चालू राहतं. 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा, तिचं व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या वर जातं. आरोग्य विम्याचे 2,500 खर्चातून गाळू नका, कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो.

फॉर्म 10सी वेगळा आहे. तो पेन्शनचा पैसा. कंपनी पगाराच्या 12 टक्के भरते, त्यातले 8.33 टक्के तिकडे जातात, 15,000 पगाराच्या मर्यादेवर महिना जास्तीत जास्त 1,250. रक्कम छोटी, पण ती काढली की सेवेची वर्षं पुसली जातात आणि पेन्शनला 10 वर्षं लागतात. पुन्हा नोकरी करणार असाल तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घ्या.

काही मोठ्या कंपन्यांचा पीएफ त्यांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. त्यांचं पासबुक पोर्टलवर दिसत नाही आणि अर्जही ट्रस्टकडेच करायचा. पासबुक रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका, जुन्या पगारपत्रकावर ट्रस्टचं नाव शोधा.

एजंटला ओटीपी देऊ नका. अर्ज 20 दिवसांत निकाली निघायला हवा. अडला तर ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा, किंवा 14470 वर फोन. पुण्यात कार्यालयं दोन, गोळीबार मैदानाजवळ आणि आकुर्डीत. कंपनी ज्याच्या हद्दीत नोंदलेली आहे तिथेच जा. जाताना आधार, पॅन, रद्द केलेला चेक आणि अर्ज नाकारल्याच्या पानाची प्रिंट न्या. नाकारण्याचं कारण त्या पानावर एका ओळीत असतं, आणि खिडकीवरचा माणूस आधी तीच ओळ वाचतो.