माझ्या पट्ट्याआधी मशीनचा पट्टा : तेरा महिने ज्युदो आणि एक न वाळणारा गी

गेल्या आठवड्यात आमच्या वॉशिंग मशीनचा बेल्ट तुटला. माझा पिवळा पट्टा जाऊन नारिंगी यायचा होता, त्याआधी मशीनचाच बदलावा लागला. मेकॅनिकने ड्रममध्ये हात घालून तो ओला पांढरा गोळा बाहेर काढला, दोन्ही हातांनी तोलून बघितला आणि विचारलं, "मॅडम, गोधडी धुता काय मशीनमध्ये?" गोधडी नाही हो, ज्युदोचा गी, म्हणजे खेळताना घालायचा पोशाख. बिल झालं १,१५० रुपये. माझी महिन्याची फी ६०० आहे, म्हणजे जवळजवळ दोन महिने ज्युदो फुकट गेलं. तेव्हाच ठरवलं, की आता याच्यावर सविस्तर लिहायचंच.

ज्युदो आणि कराटेत फरक काय वगैरे इथे सांगत बसत नाही. मी ४१ वर्षांची, डोंबिवलीत राहते, ठाण्याला अकाउंट्समध्ये आहे. मुलगी क्लासला जायची आणि मी बाहेर बाकड्यावर तासभर मोबाईल चाळत बसायचे. एकदा सर म्हणाले, "बसून काय करताय, आत या की. घरातल्या दुसऱ्या मेंबरला फी अर्धी." शिस्त, आत्मविश्वास, स्वसंरक्षण हे सगळं भिंतीवरच्या बॅनरवर होतंच, पण मला आत नेलं ते त्या 'अर्धी'ने. उगाच खोटं कशाला बोलू?

गी घेतला ५५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन ५५० ग्रॅम), २,८०० रुपयांना. तांदळाचे दाणे ओळीने पेरावेत तशी जाड विणीची सुती बंडी, वर चार-पाच पदरी शिवलेली गळपट्टी, आणि गुडघ्यावर दुहेरी कापड लावलेली पँट. बॅग मोजायच्या काट्यावर मोजला : सुका १ किलो ७००, मशीनमधून पिळून निघाल्यावर २ किलो ६००. मुलीचा वेगळा. दोन्ही एकदम टाकले की मशीन घरभर चालायला लागतं.

आता मुख्य तक्रार. आमचा क्लास सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे मध्ये ४८ तास. जुलैमध्ये पूर्वेच्या गॅलरीत, पंखा लावून, बंडी वाळायला दीड दिवस लागतो आणि गळपट्टी वाळायला ५२ तास. मी घड्याळ लावून बघितलंय. सगळं भांडण या चार तासांचं आहे. इस्त्री फिरवली, ड्रायर मारला, गॅसजवळ खुर्चीवर टाकून ठेवला (सासूबाईंनी उचलून नेला, ते बरोबरच होतं). वरून कडक आणि आत ओली. बोटांनी दाबली की गार लागते आणि कुबट वास येतो.

गेल्या पावसाळ्यात मी दोनदा तसाच दमट गी घालून गेले. आठवड्याभरात मानेवर रुपयाएवढं लाल वर्तुळ उठलं. गजकर्ण. केमिस्टने दिलेली ट्यूब लावली, चार दिवसांत फिकं पडलं, मी खूश. दहाव्या दिवशी ते दुप्पट होऊन परत आलं आणि हातावरही उठलं. त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. असल्या मलमांत स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. मग सहा आठवडे गोळ्या, आणि तेवढे दिवस मॅटवर जायचं नाही, कारण हे अंगाला अंग लागून दुसऱ्याला होतं. त्या सहा आठवड्यांची फी मी भरलीच. कुणी कुस्ती किंवा ज्युदो करत असाल तर एवढं ऐका : वर्तुळ दिसलं की केमिस्टकडे न जाता थेट डॉक्टरकडे जा.

दुसरी गोष्ट बाह्यांची. दुकानदाराने शपथेवर सांगितलं होतं की कापड आधीच आटवलेलं आहे. माझी उंची १६०, म्हणून १६० नंबर घेतला. तीन धुण्यांत बाह्या मनगटापासून चार बोटं वर गेल्या. मी बिल घेऊन गेले. "वापरलेला माल परत नाही." मी म्हटलं, न वापरता आटला कसा हे कळणार कसं? तो म्हणाला, "गरम पाण्यात धुतला असेल." मी गरम पाण्यात काय धुणार, आमच्याकडे गिझर आंघोळीपुरताच लावतात. वीस मिनिटं भांडले. शेवटी त्याने एक पांढरा पट्टा फुकट दिला, जो माझ्याकडे आधीच होता. मी तो घेतला.

तुम्ही म्हणाल, बाही आखूड झाली तर एवढं काय? मलाही तेच वाटायचं. पण ज्युदोमध्ये गी हा नुसता अंगावरचा कपडा नसतो, पकड सगळी त्याच्यावरच असते. एक हात समोरच्याच्या गळपट्टीवर, दुसरा बाहीवर. स्पर्धेत बाह्या मनगटापर्यंत आहेत की नाही हे तपासतात ते उगाच नाही, आखूड बाही म्हणजे समोरच्याला धरायला कमी कापड. क्लासमध्ये मात्र याची दुसरी बाजू कळते. फेकणाऱ्याला तोरी म्हणतात, पडणाऱ्याला उके. तोरी तुम्हाला उचलून आपटते, पण शेवटच्या क्षणी तुमची बाही सोडत नाही, वर ओढून धरते. त्यामुळे तुमची एक बाजू हवेत राहते, पडण्याचा धक्का अर्धा होतो आणि हात मोकळा आपटता येतो.

माझी नेहमीची जोडीदार चौदा वर्षांची आहे. शाळेतून आली की डब्यातली पोळी मॅटच्या कडेला उभ्याने खाते आणि मग मला फेकते. एका शुक्रवारी तिने सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेक, मारला : पाठ फिरवली, माझा दंड खांद्यावर घेतला, मी उडाले. आणि तिची मूठ माझ्या आखूड बाहीवरून सटकली. मी बाजूवर पडायची ती थेट पाठीवर, धप्पकन. श्वासच येईना. ती गुडघ्यावर बसून "काकू, सॉरी, बाही सुटली, काकू" म्हणत राहिली. त्या क्षणी मला दुकानदाराचा चेहरा आठवला.

सुरुवातीचा मशीनचा किस्सा सोडला तर इथपर्यंतचा मजकूर मी जानेवारीत लिहून ठेवला होता, आणि शेवट केला होता : 'पैसे वाचवा, योगा करा.' तो आता काढावा लागतोय.

या जूनमधली गोष्ट. ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना, पहिला जोरदार पाऊस, शेवटच्या तीन पायऱ्यांवर चिखल. पाय सटकला आणि मी मागे गेले. पुढचं मला आठवतं ते असं : डबा उडाला, माझी हनुवटी छातीला चिकटलेली होती, पाठ गोल झालेली होती आणि उजवा हात जमिनीवर फाडकन वाजला. डोकं पायरीला लागलं नाही. विचार करायला वेळच नव्हता. तेरा महिने आठवड्यातून तीनदा, दर वेळी पहिली पंधरा मिनिटं सर जे पाडून घेत होते, ते आपोआप घडलं. त्या पंधरा मिनिटांवर मी नेहमी कुरकुरायचे. उशिरो-उकेमी (मागे पडणं), योको-उकेमी (बाजूला पडणं), माए-मावारी (पुढे गोल होऊन पडणं), परत उशिरो. मला वाटायचं, फी फेकायला शिकण्यासाठी भरतोय आणि शिकवतायत पडायला.

खोटं नको : हात सुजला, तीन दिवस कीबोर्डचे आकडे डाव्या हाताने मारले. सरांना कौतुकाने सांगायला गेले तर ते म्हणाले, "फरशीवर हात आपटायचा नसतो, ते मॅटवर. हनुवटी आत राहिली ना? मग झालं." एवढंच. पण मागून येणाऱ्या बाई जे म्हणाल्या ते मी जपून ठेवलंय : "अहो, तुम्ही पडलात की बसलात?"

मत दुसऱ्यांदा बदललं ते हलक्या गीबद्दल. वाळत नाही म्हणून मी मार्चमध्ये ३५० जीएसएमचा दुसरा घेतला, १,४०० रुपयांना. एका रात्रीत वाळला, मी सगळ्यांना सांगत सुटले. आठव्या आठवड्यात काखेत टर्रकन फाटला, दुरुस्त केला, मग खांद्यावर. मुलांना चालतो, पण मोठ्या माणसाने धरून ओढलं की पातळ कापड टिकत नाही. म्हणजे जाड वाळत नाही आणि पातळ टिकत नाही. निळा घ्यावा का, असं बऱ्याच जणी विचारतात. मोठ्या स्पर्धांना दोन्ही रंग लागतात, आपल्यासारख्यांना पांढराच बरा. मुलीच्या मैत्रिणीच्या निळ्याने त्यांच्या घरातले चार टॉवेल रंगवले.

माझे बाबा कराडकडचे. गणपतीत आले होते तेव्हा क्लास बघायला आले. आमच्या जोडीने सेओई-नागे केला, तर बाबा बाकड्यावरून मोठ्याने, "अरे, ही तर धोबीपछाड!" मग खाशाबा जाधव, गोळेश्वर, १९५२ चं हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे सगळं सरांना ऐकावं लागलं. सरांनी शांतपणे ऐकलं, त्यांना पाठ असणार. घरी आल्यावर बाबांनी वलणीवरचा गी चिमटीत धरला. "एवढा कोट घालून कुस्ती कशाला? तालमीत लंगोट पिळला की वाळला." हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद घालून ती उकरून मऊ करतात, म्हणजे पडणाऱ्याची सोय जमिनीतच केलेली. जपान्यांनी ती सोय कपड्यात आणि समोरच्याच्या मुठीत ठेवली. माती कुणी वॉशिंग मशीनमध्ये घालत नाही, हा बाबांचा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही.

शरीराचं थोडक्यात. वजन तेरा महिन्यांत दोन किलो उतरलं, त्यामुळे त्यासाठी येऊ नका. कंबर दुखायची ती थांबली. बोटांची मधली पेरं मात्र सकाळी आखडतात, गळपट्टी धरून धरून. चिकटपट्टी बांधूनच खेळते. लोणच्याच्या बरणीची झाकणं आता घरात मीच उघडते. लोकलमध्ये लेडीज डब्यात दाराशी लोंढा आला की गुडघे सैल ठेवून कंबर खाली सोडते, तर धक्का अंगावरून निघून जातो. तोल मोडण्याला ज्युदोमध्ये कुझुशी म्हणतात. समोरच्याचा तोल आधी मोडायचा, फेक नंतर. माझा तोल इतक्या वेळा मोडलाय की आता तो मोडायला लागला की आधी कळतं.

'ताकद लागत नाही, फक्त तंत्र' असं बॅनरवर आहे. हे अर्धंच खरं. ज्युदो ज्यांनी काढलं ते जिगोरो कानो स्वतः अंगाने लहान होते, हे बरोबर. १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात बारा तातामींवर त्यांनी सुरुवात केली, म्हणजे साधारण दोनशे चौरस फूट, आमचा हॉल आणि किचन मिळून तेवढंच भरेल. पण १९६४ मध्ये तोक्योत ज्युदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, आणि खुल्या गटाचं सुवर्ण जपान्यांच्या घरातून नेलं ते आंतोन खेसिंक या साडेसहा फुटी डच माणसाने. वजनाचे गट उगाच नाही पाडत. मी ५८ किलोची, समोर ८० ची आली की तंत्र आठवायच्या आधी मी खाली असते. तीन महिन्यांत स्वसंरक्षण वगैरे तर विसराच. तीन महिन्यांत मला गीचा पट्टा नीट बांधता येत नव्हता.

स्वभावाचं काय, हे नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चिडतेस तेवढीच, पण लवकर संपतं." मला वाटतं ते हरण्यामुळे असेल. एका संध्याकाळी मी सहज तीस वेळा पडते, आणि प्रत्येक वेळी उठून त्याच माणसाला वाकून नमस्कार करायचा असतो. ऑफिसमध्ये कधी कुणापुढे चूक कबूल करायला मला दोन दिवस लागायचे. इथे गळा आवळला की दोनदा मॅटवर थाप मारायची, की समोरची लगेच सोडते. एकदा मी थाप मारायला उशीर केला, हट्टाने. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच सोडलं आणि म्हणाली, "काकू, थाप मारायला पैसे लागत नाहीत." ते तिने माझ्यासाठीच शोधून काढलं असणार.

गी घेणार असाल तर उंचीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, आटवलेला असं कुणी सांगितलं तरी. पहिल्या तीन धुण्यांपर्यंत पँटची लांबी शिंप्याकडून कमी करून घेऊ नका. मशीनमध्ये एका वेळी एकच. आणि वाळवायचा उपाय शेवटी सासूबाईंनी काढला : मच्छरदाणीची काठी दोन्ही बाह्यांतून आरपार घालायची आणि काठीची दोन टोकं दोन खुर्च्यांच्या पाठीवर ठेवायची. हात पसरलेलं बुजगावणं उभं राहतं, आतून वारा खेळतो. ५२ चे ४४ तास झाले. रात्री पाणी प्यायला उठलेला नवरा दोनदा दचकलाय, ते सोडलं तर उत्तम.

उद्या रविवार, नारिंगी पट्ट्याची परीक्षा. सकाळी नऊला. गी काल रात्री दहाला, नव्या बेल्टच्या मशीनमध्ये, एकटाच धुतला. आता शनिवारचे अकरा वाजलेत, सासूबाई झोपायच्या आधी गळपट्टी दाबून बघून आल्या. "डाव्या बाजूला अजून गार लागतेय," म्हणाल्या, आणि टेबल फॅन तिकडे वळवून गेल्या.